दोन्हीकडचा इंद्रजित

चौगुले काका आमच्या घरी आले तेव्हा इंद्रजित मधल्या खोलीत पाय लांब करून बसला होता आणि आई त्याच्या खांद्याला तेल लावत होती. दोन वर्षं काकांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. ते आत आले आणि खुर्चीवर बसलेल्या आबांकडे न जाता थेट इंद्रजितच्या समोर, जमिनीवर बसले. वाघवेस तालमीचा अध्यक्ष माणूस, सदा पांढऱ्या कपड्यांतला. त्यांना असं कुणाच्या घरात खाली बसलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

"गोलकीपरचं बोट मोडलं," ते म्हणाले. "परवा फायनल हाय."

"वाचलं पेपरात," इंद्रजित म्हणाला.

"तू उभा राहा."

माझा भाऊ हसला नाही, रागावलाही नाही. आईचा हात बाजूला करून त्याने शर्ट अंगात घातला आणि म्हणाला की रविवारी त्याचीही फायनल आहे, तलावापलीकडच्या मैदानावर. काकांना ते ठाऊक होतंच. ते त्याचसाठी आले होते.

कोल्हापूरबाहेरच्यांना हे थोडं सांगावं लागतं. आमच्याकडे फुटबॉल तालमीत खेळतात. जिथं कधीकाळी फक्त कुस्तीचा हौदा होता, तिथं आता भिंतीवर फुटबॉलच्या बुटांच्या जोड्या टांगलेल्या असतात. प्रत्येक पेठेची आपली तालीम, तालमीचा आपला संघ, आपला रंग. मॅच असली की पेठेतली दुकानं निम्मी बंद. आबा त्यांच्या काळात वाघवेसचे सेंटर फॉरवर्ड होते आणि इंद्रजित मिसरूड फुटायच्या आत गोलकीपर झाला. सलग तीन हंगाम लोकांनी त्याला खांद्यावरून घरी आणलं. चौथ्या हंगामात, दत्तगल्लीविरुद्धच्या फायनलमध्ये, अगदी शेवटी एक साधा चेंडू त्याच्या हातांतून निसटला. त्या संध्याकाळी त्याच लोकांनी आमच्या खिडकीच्या काचा फोडल्या. कुणीतरी दाराला चपलांची माळ बांधून गेलं. त्यानं दत्तगल्लीकडून पैसे घेतले अशी आवई उठली. आबांनी माळ सोडली, ओट्यावरच्या काचा गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखे तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. इंद्रजितलाही म्हणाले, चल, खेळात हे असायचंच.

तो गेला नाही. तो शिर्के सरांकडे गेला.

शिर्के सर लष्करातून निवृत्त होऊन एका कॉलेजात खेळाचे शिक्षक म्हणून आले होते. तिकडे ते रग्बी खेळले होते आणि इथं त्यांनी तोच खेळ सुरू केला होता. अंड्याच्या आकाराचा चेंडू, तो हातात धरून पळायचं, पळणाऱ्याला मिठी मारून पाडायचं. पेठेत त्याला 'नारळाचा खेळ' म्हणत आणि खेळणाऱ्यांना 'नारळवाले'. मी एकदा बघायला गेले होते. मैदानाच्या कडेला दहाबारा माणसं आणि चरायला सोडलेल्या दोन म्हशी. घरी येताना इंद्रजितला मी विचारलं, ह्यात काय सापडलं तुला? तो म्हणाला, "आक्का, इथं बघायला कोण येत न्हाई. लई बरं वाटतं."

पण तो तिथंही चांगलाच खेळला. वर्षभरात महाराष्ट्राच्या संघात गेला, पेपरात फोटो आला, आणि ज्या पोरांनी आमच्या खिडकीवर दगड टाकले असतील तीच पोरं मोटरसायकली काढून तलावापलीकडे जायला लागली. आधी चेष्टा करायला जायची, मग बघायला, मग खेळायला. गर्दीपासून पळून गेलेल्या माणसाच्या मागून गर्दी तिथं पोचली. शिर्के सरांना ते हवंच होतं. पत्र्याचा मांडव आला, लाउडस्पीकर आला. त्या साली त्यांनी आपली फायनल मुद्दाम त्याच रविवारी, त्याच वेळी ठेवली, ज्या वेळी स्टेडियमवर वाघवेस आणि दत्तगल्ली खेळणार होते. सर उघड म्हणत होते की ह्या वेळी बघूच, शहर कुठं जातंय. तालमीत ह्यावरून रोज बैठका होत होत्या. आबा त्या बैठकांना जात होते. इंद्रजित नारळवाल्यांत गेल्यापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. आमटी वाढू का, हे सुद्धा ते आईमार्फत विचारायचे.

तर त्या शुक्रवारी काकांनी तोडगा आणला होता. शिर्के सरांशी त्यांचं बोलणं झालं होतं. रग्बीची फायनल सकाळी होईल, तिथं तालमीची सगळी माणसं ढोल घेऊन येतील. संध्याकाळी फुटबॉल, तिथं सरांची सगळी पोरं येतील. दोन्हीकडे इंद्रजित खेळेल. दोन्ही मैदानं भरतील, भांडण मिटेल.

"एका दिवसात दोन मॅच?" मी विचारलं.

"गोलात उभारायचं तर हाय, वैजू," काका म्हणाले. "पळायचं थोडंच हाय?"

इंद्रजित म्हणाला, जमायचं नाही. काकांनी पेठेची शपथ घातली, जुन्या गोष्टी विसर म्हणाले. तो खाली बघत राहिला. मग आबा खुर्चीतून बोलले. दोन वर्षांनी, थेट त्याच्याशी.

"इंदर, एवढी एक खेळ. मग तुझं तू मोकळा."

मी भावाच्या तोंडाकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लहानपणी आबा कामावरून येताना दिसले की तो दारातून त्यांच्याकडे पळत सुटायचा, तेव्हाचं काहीतरी होतं ते.

"खेळतो," तो म्हणाला. "आबा म्हणालेत म्हणून. तुमच्यासाठी न्हाई, काका."

शनिवारी सकाळी पेठेच्या चौकात त्याचा मोठा फलक लागला. दुपारी सरांच्या पोरांनी त्याच्या शेजारी त्याहून हातभर उंच फलक लावला. संध्याकाळपर्यंत तालमीच्या फलकाखाली विटा घालून तो वर उचलला गेला होता. रात्री जेवताना मी हे सांगितलं तेव्हा आबा आणि इंद्रजित दोघंही हसले, एकाच वेळी. आईने पदर डोळ्यांना लावला आणि उगाच भाजी आणायला आत गेली.

रविवारी सकाळी मी आबांबरोबर तलावापलीकडे गेले. आबा तो खेळ पहिल्यांदाच बघत होते. मैदानाभोवती माणसांची भिंत होती. वाघवेसची सगळी पोरं ढोल-ताशे घेऊन आली होती. खेळाचे नियम त्यातल्या कुणालाच माहीत नव्हते, पण माणूस माणसावर आदळला की ढोल वाजवायचा एवढं त्यांना लगेच समजलं. जोरात आदळला की जोरात. शिर्के सर पांढरी टोपी घालून कडेकडेने फिरत होते आणि पुन्हा पुन्हा मागे वळून गर्दीकडे बघत होते.

दुसऱ्या डावात समोरचा एक दांडगा पोरगा चेंडू घेऊन सुटला. इंद्रजित आडवा गेला आणि त्यानं त्याच्या कमरेला मिठी घातली. पडताना त्या पोराचा गुडघा इंद्रजितच्या कानावर बसला. ढोल कडाडले. तो पोरगा उठला, इंद्रजित उठला नाही. सर धावत गेले, पाणी मारलं, काहीतरी विचारलं. इंद्रजितनं मान हलवली, उभा राहिला, आणि लोकांनी त्याच्या नावाचा असा गजर केला की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आबांनीही टाळ्या वाजवल्या. तो शेवटपर्यंत खेळला. ते जिंकले.

बक्षीस समारंभ चालू असताना मी त्याला शोधत मागच्या बाजूला गेले. तो मोटरसायकलींच्या रांगेमागे वाकून ओकत होता. मी पाठ चोळली. तो ताठ झाला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "आक्का, पाणी दे की." पाण्याची बाटली त्याच्याच हातात होती. मी दाखवली. त्यानं बाटलीकडे बघितलं, ओशाळून हसला, प्यायला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "पाणी दे की."

मी शिर्के सरांकडे गेले. ते पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवत होते. मी म्हणाले, त्याला डोक्याला लागलंय, डॉक्टरांकडे नेऊ या, संध्याकाळी तो खेळायला नको. सरांनी माझं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हे तो. पण म्हणाले की मी आता अडवलं तर तालीमवाले म्हणतील, सकाळची मॅच जिंकून घेतली आणि आता शब्द फिरवला. सगळ्या शहरात बोभाटा होईल.

"माझी मॅच संपली, ताई," ते म्हणाले. "आता तो तालमीचा आहे. चौगुल्यांना विचारा."

मी चौगुले काकांकडे गेले. ते ढोलवाल्या पोरांना टेम्पोत बसवत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की लागलं ते नारळाच्या खेळात, तेव्हा काय ते शिर्क्यानं बघायचं. तिकिटं खपली होती. दत्तगल्लीवाले स्टेडियमवर येऊन बसले होते. मी पुन्हा सांगायला लागले तेव्हा ते मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, खेळाडूला लागतंच. तू मास्तरीण, तुला सगळं जास्तच दिसतं."

मग मी आबांना सांगितलं. आबा थेट इंद्रजितकडे गेले, त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला आणि विचारलं, "खरं सांग, जमंल का?"

"जमंल," तो म्हणाला. "आबा, तुम्ही गोलामागं बसा. पूर्वी बसायचा तसं."

आबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांनी मुलगा त्यांना स्वतःहून काही मागत होता. मी आणखी काही म्हणाले, पण ते दोघं एकमेकांकडे बघत होते आणि माझं कुणाला ऐकू आलं नाही.

घरी तो दोन घास खाऊन अंधार करून पडून राहिला. उठला तेव्हा बरा दिसला. आईच्या पाया पडला, मला म्हणाला, तोंड पाडून बसू नकोस, चल. मीच जास्त घाबरते, असं मला वाटायला लागलं. आई कधीच मॅचला यायची नाही. ती दारात उभी राहून आम्ही चौकातून वळेपर्यंत बघत होती.

स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नव्हती. झाडांवर, शेजारच्या इमारतींच्या गच्च्यांवर माणसं. वाघवेस एका बाजूला, दत्तगल्ली दुसऱ्या बाजूला, आणि आमच्या बाजूलाच शिर्के सरांची पोरं त्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घालून एका गटानं बसलेली. त्यांच्यात आणि तालमीच्या पोरांत सुरुवातीपासून चढाओढ लागली होती. इंद्रजितनं चेंडू अडवला की सरांची पोरं ओरडायची, 'आमचा आहे, आमचा आहे.' तालमीची पोरं त्याहून मोठ्यानं तेच ओरडायची. मी बायकांच्या बाजूला, मधल्या रेषेच्या जवळ बसले होते. आबा गोलच्या मागे, जाळीला लागून.

पहिल्या डावात तो सुरेख खेळला. दोन चेंडू तर असे काढले की दत्तगल्लीवालेही उठून उभे राहिले. मला जरा हायसं वाटलं. मध्यंतरानंतर समोरचा फॉरवर्ड एकटाच सुटला, इंद्रजितनं त्याच्या पायांत झेप घेतली आणि चेंडू पोटाशी धरला. साधी टक्कर होती. फॉरवर्ड त्याच्यावरून उडी मारून गेला. इंद्रजित गुडघ्यांवर बसला, मग उभा राहिला, चेंडू हातात घेऊन. तो आता लाथाडेल म्हणून दोन्ही संघ पुढे सरकले.

त्यानं चेंडू काखेत घेतला आणि धावायला सुरुवात केली.

गोलकीपरची रेघ ओलांडून तो सरळ पुढे निघाला, खांदा खाली करून, जसा सकाळी धावत होता तसा. पंचांनी शिट्टी वाजवली. तो थांबला नाही. आपल्याच संघातल्या एकाला त्यानं हुलकावणी दिली. क्षणभर सगळं स्टेडियम गप्प झालं आणि मग हसण्याचा लोंढा आला. लोकांना वाटलं, हा गंमत करतोय, दोन्ही खेळांची फिरकी घेतोय. शिर्के सरांची पोरं बाकांवर चढून नाचायला लागली. तालमीचे ढोल सुरू झाले. दत्तगल्लीवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो माझ्यापासून तीसचाळीस पावलांवरून गेला. त्याचे डोळे उघडे होते आणि ते कशाकडेच बघत नव्हते.

मधल्या रेषेपाशी तो वाकला, चेंडू दोन्ही हातांनी जपून जमिनीवर टेकवला, आणि त्याच्यावर पालथा पडला. त्या खेळात गुण मिळवायला तसंच करतात. लोकांना ते सकाळी कळलं होतं, म्हणून सगळे पुन्हा ओरडले. त्या वर्षीची सगळ्यात मोठी आरोळी ती. मी रेलिंगवरून आत उडी मारली तेव्हा ती चालूच होती. मी त्याला उताणा केला तेव्हाही चालू होती. गोलच्या मागून आबा धावत येत होते, वयाला न शोभेल असे धावत होते, आणि लोक त्यांनाही हसत होते.

आबा आणि मी त्याला रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. डोक्यात रक्तस्राव झाला होता, तो सकाळपासून चालू असावा, असं ते म्हणाले. त्यांनी मला एकच विचारलं, ह्याला दुपारी कुणी बघितलं नाही का?

दिवेलागणीच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. चौगुले काका आणि दहापंधरा माणसं वर आली. त्यांच्या केसांत, कपड्यांवर गुलाल होता. मला आधी काही समजेना. मग कळलं की इंद्रजितला बाहेर नेल्यावर पंचांनी खेळ पुढे चालू केला होता. मोडक्या बोटाचा गोलकीपर पट्टी बांधून उभा राहिला आणि वाघवेस जिंकली. मिरवणूक काढून ते तसेच इकडे आले होते. काकांचा पांढरा शर्ट गुलाबी झाला होता. एका पोराच्या हातात चषक होता. आबांना बघून त्यानं तो पाठीमागे लपवला.

थोड्या वेळानं शिर्के सरही आले. मग त्या व्हरांड्यात दोघांचं सुरू झालं, दबक्या आवाजात. काका म्हणत होते, सकाळी गुडघा लागला तोच हा. सर म्हणत होते, सकाळी तो चालत घरी गेला, पडला तो फुटबॉलच्या मैदानावर. उद्या पोलीस विचारतील तेव्हा कुणी काय सांगायचं, ह्याची ती तयारी होती. आबा बाकावर बसून दोघांचं ऐकत होते. मध्येच त्यांनी हात पुढे करून काकांच्या बाहीवरचा गुलाल बोटानं पुसला, बोटाकडे बघितलं आणि ते धोतराला पुसलं.

सोमवारी उजाडता उजाडता इंद्रजित गेला. आई त्याच्या पायांशी बसली होती.

पुढचं सगळं लगेच बदललं. रात्रभर जो कुणाचाच नव्हता तो सकाळी सगळ्यांचा झाला. शवविच्छेदन होऊन देह ताब्यात मिळायला दुपार झाली. तोपर्यंत दवाखान्याच्या मोठ्या फाटकासमोर दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. तालमीचा ट्रक झेंडूच्या माळांनी मढवलेला, पुढे वाघवेसचा भगवा-काळा झेंडा. त्याच्या शेजारी सरांच्या पोरांची उघडी जीप, तिच्यावर त्याच्या महाराष्ट्राच्या जर्सीचा फलक. अख्खी पेठ लोटली होती. दुकानं बंद झाली होती. एका बाजूनं घोषणा उठली की दुसरी बाजू त्याहून चढ्या आवाजात देत होती. 'अमर रहे, अमर रहे.' आत शवागाराच्या दारापर्यंत ते ऐकू येत होतं.

काका आत आले. त्यांनी आबांचे हात धरले, ते खरोखर रडत होते. म्हणाले, पोरगं तालमीत वाढलं, शेवटची मॅच तालमीसाठी खेळलं, तालमीच्या अंगणात दर्शनाला ठेवू, मग मिरवणुकीनं नदीवर नेऊ. शिर्के सर मागेच उभे होते. म्हणाले, महाराष्ट्राकडून तो रग्बी खेळला, त्याचा शेवटचा मान मैदानावर व्हायला हवा, संघटनेची माणसं पुण्याहून निघालीत.

"तुमची किती माणसं हाईत, मास्तर?" काका म्हणाले. "बाहेर जाऊन मोजा एकदा."

"मोजू या," सर म्हणाले. "कालची निम्मी गर्दी आमची होती."

आबा इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते. ते उठले. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. आवाज चढवला नाही.

"काल दुपारी माझी पोरगी तुमच्या दोघांकडं आली हुती," ते म्हणाले. "तवा ह्यो कुणाचा हुता?"

सरांनी टोपी काढून हातात घेतली. आबा तसेच उभे होते. मग ते स्वतःच म्हणाले, "माझ्याकडं बी आली हुती."

बस्स, एवढंच. मग ते दोघांना ओलांडून माझ्याकडे आले आणि म्हणाले, मागच्या बाजूला फाटक आहे का बघ.

होतं. कचऱ्याच्या गाड्या त्या वाटेनं यायच्या. दवाखान्याच्या रुग्णवाहिकेचा चालक, मुबारक नाव होतं त्याचं, पुढच्या फाटकावरच्या घोषणा ऐकत बिडी ओढत बसला होता. आबांनी त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं बिडी विझवली आणि गाडी मागे घेतली. स्ट्रेचर आम्हीच ढकललं. काका आणि सर दारातून बघत होते. त्यांनी अडवलं नाही, बाहेर जाऊन कुणाला सांगितलंही नाही. ते मी त्यांच्या बाजूनं सांगते.

नदीवर त्या वेळी कोणी नव्हतं. खांद्याला चार माणसं लागतात आणि आबा, मुबारक आणि मी असे तिघंच होतो. आई म्हणाली, मी धरते. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. पुढे आबा आणि मुबारक, मागे आई आणि मी. इंद्रजित जड होता. पाडायच्या खेळासाठी त्यानं अंग कमावलं होतं. आई दोनदा अडखळली, पण थांबा म्हणाली नाही. त्याच्या अंगावर पांढऱ्या कापडाशिवाय काही नव्हतं, ना झेंडा, ना जर्सी. आबांनी अग्नी दिला.

जाळ चांगला धरला तेव्हा पुलावरून आवाज यायला लागला. लोकांना कळलं होतं. आधी मोटरसायकली आल्या, मग पायी माणसं, मग रिकामा सजवलेला ट्रक. घाटाच्या पायऱ्यांवर येऊन सगळे थबकले. आणि मग मागच्या मागे कुठंतरी धक्काबुक्की सुरू झाली. ट्रक आधी निघाला की जीप, बातमी कुणी फोडली, पुढं कुणी उभं राहायचं, कशावरून ते शेवटपर्यंत कळलं नाही. शिव्या, मग बांबू, मग पोलिसांच्या शिट्ट्या. आबा त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. आई एकदाच वळली आणि म्हणाली, "ह्यांस्नी सांगा कुणीतरी, पोरगं झोपलंय." मुबारक उठून पायऱ्यांकडे गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. कुणाला खाली उतरू दिलं नाही त्यानं.

पोलिसांत आबांनी तक्रार दिली नाही. मी खूप मागे लागले होते. ते म्हणाले, तिघांची नावं घालावी लागतील, आणि तिसरं नाव तू लिहिशील का?

त्याला आता बारा वर्षं झाली. दरसाल त्याच रविवारी शहरात दोन स्मृतिचषक होतात, एक फुटबॉलचा, एक रग्बीचा. दोन्हीकडे त्याच्या तसबिरीला हार असतो, दोन्हीकडून आम्हाला बोलावणं येतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन्ही मैदानांवर किती गर्दी झाली ते छापून येतं. आम्ही जात नाही. आबा त्यानंतर तालमीच्या कट्ट्यावर गेले नाहीत. मी सासरहून दोन दिवस येऊन राहते.

आमच्या घरापासून स्टेडियम दोन गल्ल्यांवर आहे. दुपार कलली की आरोळ्या यायला लागतात. पूर्वी आबा घरात बसून नुसत्या आरोळीवरून सांगायचे, गोल झाला की हुकला, झाला तर कुणाचा. आता ते खिडकी लावून घेतात, पण आवाज येतोच. मोठी आरोळी उठली की त्यांचा हात थांबतो, मग तो चहाच्या कपावर असो की पुस्तकावर.

"वैजू," ते म्हणतात, "कुणी पडलंय का बघ."

मी उठून गच्चीवर जाते. तिथून स्टेडियम दिसत नाही, मध्ये घरं आहेत. तरी मी थोडा वेळ उभी राहते, आणि खाली येऊन सांगते, कुणी नाही, आबा.